हेड पॅकिंगची गळती आणि बाटलीतले सीलंट: ओतण्यापूर्वी काय तपासावे, कोणत्या क्रमाने काम करावे

इंदुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेला, की इंजिन गरम होण्याच्या तक्रारी एकदम वाढतात. एसी चालू, गाडीत पाच माणसे, डिकीत सामान आणि ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाची चढण. तापमानाचा काटा वर सरकतो, कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी उतरलेली दिसते आणि पार्टच्या दुकानात कोणीतरी सीलंटची, म्हणजे गळती बुजवणाऱ्या द्रवाची, एक बाटली हातात ठेवून सांगतो, की ही रेडिएटरमध्ये ओता, पॅकिंग आतल्या आत बंद होईल. बाटली त्याच दिवशी ओतली जाते आणि गळती नेमकी कोठून होते हा प्रश्न त्यानंतर, बहुधा इंजिन दुसऱ्यांदा गरम झाल्यावर, विचारला जातो. हा क्रम उलटा आहे.

अशा सीलंटने हेड पॅकिंगची गळती खरोखर थांबते का, या मूळ प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामधील हेड पॅकिंगची गळती अगदी बारीक असेल, इंजिन अजून एकदाही जास्त तापलेले नसेल आणि तेलात पाणी उतरलेले नसेल, तर सीलंटने ती काही काळ थांबू शकते. तिला दुरुस्ती म्हणता येत नाही. पॅकिंगच्या बाकी सर्व प्रकारच्या गळत्यांवर पाण्यात ओतायच्या या सीलंटचा उपयोग नाही, आणि काही प्रकारांत त्याने नक्की नुकसान होते. आपल्या गाडीची गळती कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवण्यातच या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून या लेखात तपासणीला दुरुस्तीपेक्षा अधिक जागा दिली आहे.

टप्पा १: गळते काय आणि कोठून, हे ठरवावे

इंजिनात पॅकिंग एकच नसते. हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) यांच्यामधील हेड पॅकिंग, वरच्या झाकणाचे टॅपेट कव्हर पॅकिंग, खाली ऑइल चेंबरचे, पुढे टायमिंग कव्हरचे, शिवाय वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरट्याचे, अशी ती अनेक असतात. क्रँकच्या (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन्ही टोकांना असलेले रबरी ऑइल सील हा आणखी निराळा प्रकार. यांपैकी कोठूनही गळाले तरी लोक ‘पॅकिंग गेले’ एवढेच म्हणतात, आणि त्या दोन शब्दांवर बाटली विकली जाते.

१. गाडी रात्री सपाट जागेवर उभी करून खाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. सकाळी डागाचा रंग आणि वास पाहावा. तपकिरी किंवा काळा, बोटांना बुळबुळीत लागणारा डाग इंजिन ऑइलचा असतो. हिरवा, लाल किंवा गुलाबी, किंचित गोडसर वासाचा डाग कूलंटचा असतो. एसी चालवल्यानंतर गाडीखाली पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी ही गळती नव्हे.

२. इंजिन पूर्ण थंड असताना ते डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुऊन घ्यावे. धुण्यापूर्वी अल्टरनेटर, बॅटरीची टोके आणि वायरींचे कनेक्टर प्लॅस्टिकने झाकावेत. तेलकट इंजिनावर गळतीचे मूळ कधीच दिसत नाही.

३. कोरडे झाल्यावर संशयित जोडांवर टाल्कम पावडर शिंपडून वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवावी आणि पावडर सर्वांत वर कोठे ओली झाली आहे ते शोधावे. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि वाऱ्याने मागे जाते, त्यामुळे चेंबरच्या तळाशी दिसणारा थेंब बहुतेक वेळा टॅपेट कव्हरपासून निघालेला असतो. ज्या गाड्यांचे चेंबर ‘गळते’ म्हणून उघडले गेले, त्यांतल्या कित्येकींचे चेंबर कोरडे असते.

*इशारा: गरम इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नये. झाकण आतला दाब वातावरणापेक्षा सुमारे एक बारने अधिक ठेवते, त्यामुळे आतले पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण सैल होताच ते एकदम उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर येते. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने दाबून तो मऊ आणि थंड लागेपर्यंत थांबावे. उन्हाळ्यात याला दोन तासही लागतात.*

टप्पा २: हेड पॅकिंगचाच दोष आहे याची खात्री करावी

कूलंट कमी होते, पण पुठ्ठ्यावर डाग नाही, अशी स्थिती असेल तरच हेड पॅकिंगचा संशय बळकट होतो. तेव्हाही घाई करू नये. पुढील तपासण्या स्वस्तापासून महागापर्यंत या क्रमाने लावल्या आहेत.

१. आधी साधी कारणे काढून टाकावीत. रेडिएटरच्या झाकणाचे रबर चिरलेले आहे का, पंखा वेळेवर सुरू होतो का, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला आहे का, वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थर आहे का, हे पाहावे. गाडीच्या आत पायाशी ओल असेल, तर हीटरचे कोअर (गाडीतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) गळत असू शकते.

२. थंड इंजिन सुरू करून वरच्या होजवर हात ठेवावा. पाणी अजून गार असतानाच एक-दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहेत. झाकण थंड असतानाच काढून ठेवले असेल, तर तोंडाशी सतत बुडबुडे दिसतात. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. न थांबणारे बुडबुडे मात्र गंभीर मानावेत.

३. रासायनिक चाचणी करून घ्यावी. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून तिथली हवा एका निळ्या द्रवातून खेचली जाते. त्या हवेत जळालेल्या इंधनातील कार्बन डायऑक्साइड असेल, तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा आणि डिझेलमध्ये साधारण हिरवट होतो. कूलंट या नळीत शिरले तर निकाल बिघडतो, म्हणून पातळी आधी थोडी खाली घ्यावी. चाचणी काही मिनिटांची असते आणि माझ्या मते बाटलीवर पैसे खर्च करण्यापूर्वी हीच करून घेतली पाहिजे.

४. कूलिंगची प्रेशर टेस्ट करावी. हातपंपाने, झाकणावर छापलेल्या दाबापेक्षा अधिक नव्हे, इतका दाब देऊन दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे पाहावे. दाब उतरला आणि बाहेर कोठेही ओल दिसली नाही, तर पाणी आत जात आहे. दाब तसाच ठेवून स्पार्क प्लग काढले, तर ज्या सिलिंडरमध्ये पाणी जाते त्याचा प्लग ओला किंवा वाफेने धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ निघतो.

५. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, मोजावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधील पॅकिंगची पट्टी फुटली आहे असे समजावे.

फसवणारी लक्षणेही सांगितली पाहिजेत. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर पावसाळ्यात किंवा थंडीत, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत केवळ दमटपणामुळेही जमतो. निर्णय डिपस्टिकवरून करावा: तिच्यावरचे तेलच दुधाळ किंवा चहासारखे दिसत असेल, पातळी आपोआप वाढली असेल, तर पाणी मिसळले आहे. जानेवारीच्या सकाळी सायलेन्सरमधून येणारी वाफ साधी असते. इंजिन पूर्ण गरम झाल्यानंतरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तरच तो कूलंटचा. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग) आतून फुटला तरी कूलंट असेच ‘गायब’ होते, आणि ऑइल कूलर फुटला तर तेल-पाणी एकत्र होते. या दोन्ही प्रकारांत हेड पॅकिंग पूर्ण निर्दोष असू शकते.

माझ्या मावसभावाच्या गाडीत हेच घडले. कूलंट आठवड्याला अर्धा लिटर कमी होत होते, एका गॅरेजमध्ये हेड पॅकिंगचे निदान तोंडीच झाले आणि दोन बाटल्या ओतल्या गेल्या. गळती वॉटर पंपाची होती. इंजिन गरम असताना पडणारा थेंब तिथल्या तिथे वाळून जात असल्याने पुठ्ठ्यावर डाग येत नव्हता. सीलंटने पंपाची गळती थांबली नाही, मात्र हीटर कायमचा बंद झाला आणि रेडिएटरच्या खालच्या नळ्या भरल्या. जी गाडी आधी फक्त पाणी मागत होती, ती त्यानंतर घाटात तापू लागली. पंपाबरोबर रेडिएटरही बदलावा लागला.

*तपासणी: या टप्प्याच्या शेवटी एक वाक्य लिहिता आले पाहिजे, उदाहरणार्थ ‘कूलंट दुसऱ्या सिलिंडरमध्ये जाते, तेल स्वच्छ आहे, इंजिन तापलेले नाही.’ असे वाक्य लिहिता येत नसेल, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.*

टप्पा ३: सीलंट कोठे चालते, कोठे नाही

हेड पॅकिंगसाठी विकली जाणारी बरीच द्रव सीलंटे सोडियम सिलिकेटवर, म्हणजे पाणकाचेवर आधारलेली असतात. पाण्याबरोबर फिरणारा हा द्रव बारीक फटीतून सिलिंडरच्या बाजूला शिरतो, तिथल्या उष्णतेने, सुमारे १०० ते १०५ अंशांच्या पुढे, त्यातले पाणी उडून जाते आणि मागे काचेसारखा कडक थर राहतो. दुसऱ्या प्रकारात धातूचे किंवा सिरॅमिकचे कण आणि तंतू असतात, ते फटीच्या तोंडाशी अडकून बसतात.

या कृतीची मर्यादा तिच्यातच आहे. पाण्याच्या बाजूचा दाब एक बारच्या आसपास असतो. दहनाच्या क्षणी सिलिंडरमधील दाब पेट्रोल इंजिनात पन्नास बारच्या घरात आणि टर्बो डिझेलमध्ये शंभर बारच्याही पुढे जातो. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असेल, तर तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते, म्हणजे दर वेळी गाडी गरम आणि थंड होताना तो ठिसूळ थर दोन धातूंच्या मध्ये घासला जातो. शंभर-दोनशे किलोमीटर तो टिकतो की सहा महिने, हे कोणीही आधी सांगू शकत नाही.

म्हणून पुढील स्थितींत सीलंट ओतूच नये. तेलात पाणी किंवा पाण्यात तेल आले असेल, तर इंजिन सुरूही करू नये. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगवर थर धरत नाही आणि थोड्याच अंतरात क्रँक खराब होतो, त्यामुळे गाडी टोचन करून न्यावी. तापमानाचा काटा एकदा लाल खुणेपर्यंत गेला असेल, तर हेड वाकल्याची शक्यता असते आणि वाकलेले हेड कोणताही द्रव सरळ करत नाही. दोन सिलिंडरांमधील पट्टी फुटली असेल, तर तिथे पाण्याची वाटच नसते, मग पाण्यातले औषध तिथे पोहोचणार कसे? हेड पॅकिंगमधून तेल बाहेर झिरपत असेल, तरीही हेच लागू आहे.

टॅपेट कव्हर आणि चेंबर यांच्या गळतीसाठी तेलात टाकायची जी द्रव्ये मिळतात, ती जुने, कडक झालेले रबर थोडे फुगवतात. क्रँकच्या ऑइल सीलचे झिरपणे त्यांनी कमी होऊ शकते. कागदाचे, बुचाचे किंवा फाटलेले पॅकिंग त्यांनी जुळत नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे बहुतेक लहान गाड्यांत तासा-दोन तासांचे काम असते, तिथे कोणतेही द्रव्य वापरण्याचे कारणच नाही.

*इशारा: तेलकट जोडावर बाहेरून सिलिकॉनचा गम थापू नये. तो चिकटत नाही. आतून जाड लावलेला गम तर अधिक घातक असतो, कारण दाबून आत आलेल्या त्याच्या दोऱ्या तुटून चेंबरमधील तेलाच्या जाळीवर अडकतात, ऑइल प्रेशर पडते आणि इंजिन सीज होते.*

हळद आणि काळ्या मिऱ्यांची पूड रेडिएटरमध्ये टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांकडून आपल्याकडे आला आहे. जुन्या, रुंद नळ्यांच्या पितळी रेडिएटरच्या छिद्रावर तो रस्त्यात वेळ निभावून नेत असे. हेड पॅकिंगशी त्याचा संबंध नाही आणि आजच्या बारीक नळ्यांच्या अॅल्युमिनियम रेडिएटरमध्ये तो फक्त गाळ करतो.

टप्पा ४: वापरायचेच ठरले, तर क्रम

गाडी थोड्याच दिवसांत काढून टाकायची आहे, किंवा हेड उघडण्याचे काम काही आठवडे शक्य नाही, आणि गळती वरच्या निकषांत बसते, अशाच वेळी हा टप्पा करावा. बाटलीवरील सूचना पुढील क्रमाशी जुळत नसतील, तर बाटलीच्या सूचना पाळाव्यात.

१. लेबल संपूर्ण वाचावे आणि ते सीलंट कूलंटबरोबर चालते की फक्त साध्या पाण्यात, हे पाहावे. सिलिकेटचे अनेक प्रकार कूलंटमधील ग्लायकॉलशी मिळून जेलीसारखे घट्ट होतात. सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात.

२. थंड इंजिनाचे जुने कूलंट खालच्या नळाने परातीत काढावे. ते विषारी आणि चवीला गोड असते. गल्लीतील कुत्री आणि गाई ते चाटतात, म्हणून ते नालीत किंवा रस्त्यावर सोडू नये, झाकणाच्या डब्यात भरावे.

३. हीटर पूर्ण गरमवर ठेवून साध्या पाण्याने दोन-तीन वेळा फ्लश करावे. पाणी रंगहीन निघेपर्यंत थांबावे. एका फ्लशने हीटरच्या वळणात अडकलेले कूलंट निघत नाही. लेबलने थर्मोस्टॅट काढायला किंवा हीटरची वाट वळवायला सांगितले असेल, तर ते आता करावे.

४. स्वच्छ पाणी भरून इंजिन सुरू करावे आणि हवा निघू द्यावी. बाटली चांगली हलवून, लेबलवरील प्रमाणात सीलंट हळूहळू ओतावे. लहान गाडीत एकूण पाणी साधारण चार-पाच लिटर असते. मोठ्या इंजिनाची मात्रा तिला देऊ नये. रेडिएटरला स्वतःचे झाकण असेल तर तिथूनच ओतावे, कारण अशा गाड्यांच्या बाजूच्या प्लॅस्टिक टाकीतले पाणी लगेच फिरत नाही. जिथे टाकीच दाबाखाली असते आणि झाकण तिलाच असते, तिथे टाकीत ओतावे.

५. झाकण लावून लेबलवर सांगितलेली वेळ, बहुधा पंधरा ते तीस मिनिटे, गाडी उभीच चालू ठेवावी. एक्सलरेटर दाबू नये आणि काट्यावरून नजर हटवू नये. काटा नेहमीच्या जागेच्या वर गेला, तर इंजिन बंद करावे आणि प्रयत्न तिथेच सोडावा.

६. रात्रभर थंड होऊ द्यावे. लेबल सांगत असेल तर मिश्रण काढून पुन्हा फ्लश करावे, काढलेला थर्मोस्टॅट परत बसवावा आणि नवे कूलंट निम्म्या डीमिनरलाइज्ड पाण्यात मिसळून भरावे. बोअरिंगचे पाणी भरू नये. नळाला येणारे नर्मदेचे पाणी पिण्यास चांगले असले तरी त्यातही क्षार असतात आणि ते रेडिएटरमध्ये साठतात.

*तपासणी: टाकीवर मार्करने पातळीची रेघ ओढून सात दिवस रोज सकाळी, थंड इंजिनावर, पातळी आणि डिपस्टिक दोन्ही पाहावे. पातळी पुन्हा उतरू लागली, तर दुसरी बाटली ओतू नये. पहिलीने न थांबलेली गळती दुसरीने थांबत नाही, फक्त रेडिएटरमधील जागा कमी होते. या काळात घाट आणि लांबचा प्रवास टाळावा.*

टप्पा ५: हेड उघडून केलेली दुरुस्ती

हे काम घरचे नाही, पण मेकॅनिकशी आधी काय ठरवून घ्यावे, हे मालकाला माहीत असले पाहिजे. पूर्वी सीलंट ओतले असेल तर ते न लपवता सांगावे, म्हणजे रेडिएटर, हीटर कोअर आणि थर्मोस्टॅट यांची सफाई किंवा बदल त्याच कामात धरता येईल.

१. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर, बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावे लागतात. गरम हेड उघडले तर तेच वाकण्याचे कारण ठरते.

२. जुने पॅकिंग प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने आणि क्लीनरने काढावे. ग्राइंडरला लावलेल्या घासणीच्या चकतीने अॅल्युमिनियममध्ये खड्डे पडतात आणि तिची पूड तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचते. या बाबतीत मालकाने आग्रह धरावा, कारण वेळ वाचवण्यासाठी ही चकती सर्रास वापरली जाते.

३. हेडवर सरळ धारेची पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालावा. अनेक इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. जास्त निघाले तर मशीन शॉपमध्ये फेसिंग (पृष्ठभाग यंत्रावर सपाट करणे), आणि इंजिन तापलेले असेल तर तडा पाहण्यासाठी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. तड्याची तपासणी न करता नवे पॅकिंग बसवले, तर सगळी मजुरी वाया जाऊ शकते.

४. ब्लॉकमधील बोल्टची छिद्रे हवेने पूर्ण कोरडी करावीत. तळाशी तेल किंवा पाणी राहिले, तर बोल्ट आवळताना दाबाने ब्लॉक तडकू शकतो आणि टॉर्कही (आवळण्याचा जोर) खोटा दिसतो.

५. अनेक गाड्यांचे हेड बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात. तिथे नवेच वापरावेत. पोलादी थरांचे पॅकिंग कोरडेच बसवावे, त्यावर शेलॅक किंवा गम लावू नये. गम फक्त मॅन्युअलने दाखवलेल्या कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर आणि ब्लॉक यांचा जोड येतो, तिथे दोन-तीन मिलिमीटरच्या रेघेत लावावा आणि ट्यूबवर लिहिलेला वाळण्याचा वेळ द्यावा.

६. बोल्ट मध्यापासून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने, टॉर्क रेंचने दोन-तीन टप्प्यांत आणि शेवटी दिलेल्या अंशांच्या कोनात आवळावेत. हाताच्या अंदाजावर ‘चाळीस वर्षांचा अनुभव’ असला, तरी इथे रेंचच हवा, आणि तो गॅरेजमध्ये आहे की नाही हे काम देण्यापूर्वी पाहावे.

७. टायमिंगच्या खुणा जुळवून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवावे, मगच सेल मारावा. तेल आणि फिल्टर नवे घालावेत, कूलंट भरून हवा काढावी आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी उभी चालू ठेवावी.

*तपासणी: दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहून कमी असल्यास भरावे, आत राहिलेली हवा निघाल्याने ती एकदा उतरते. तेलात आधी पाणी मिसळले होते, तर ५०० किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदलावेत. त्याच वेळी टप्पा २ मधील रासायनिक चाचणी परत करावी. द्रव निळाच राहिला, तर गाडी भेरूघाटात न्यायला हरकत नाही.*